मेपल रस्त्यावरचा अंधार
(बी. ए. भाग २)

भुताखेतांच्या गोष्टी वऱ्हाडात कोणाला नव्या नाहीत. पिंपळावरचा मुंजा आणि चिंचेखालची हडळ आपण आजीच्या वाकळेत शिरूनच ऐकलेली असते. पुढे रत्नाकर मतकरींच्या 'गहिरे पाणी' या मालिकेने गूढकथा मराठी घराघरांत दूरचित्रवाणीवर आणली. परंतु जिच्यात भूत कोणाच्या वाटेला जातच नाही आणि तरीही अंगावर काटा येतो, अशी एक गोष्ट यंदा इंग्रजीच्या सरांनी वर्गात दाखवली. तिचा परिचय मित्रांना करून द्यावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

'द ट्वायलाइट झोन' ही मालिका अमेरिकेत १९५९ ते १९६४ या काळात सीबीएस वाहिनीवर झाली. प्रत्येक भागात स्वतंत्र कथा असे. तिचा जनक रॉड सर्लिंग. १९५५ मध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली. त्या घटनेवरून सर्लिंगने लिहिलेल्या नाटकात जाहिरातदारांच्या धाकाने इतके फेरफार झाले, की मूळ विषय ओळखू येईना. जे माणसाच्या तोंडी चालत नाही ते परग्रहवासीयाच्या तोंडी चालून जाते, हे त्याने ओळखले आणि अद्भुताची वाट धरली.

'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट' हा भाग ४ मार्च १९६० रोजी दाखवला गेला. मेपल नावाच्या शांत रस्त्यावर संध्याकाळी आकाशातून काहीतरी लखकन जाते. लगेच दिवे, टेलिफोन, मोटारी सारे बंद पडते. पलीकडच्या रस्त्यावर काय स्थिती आहे हे पाहायला पीट नावाचा शेजारी निघून जातो. तेवढ्यात टॉमी हा मुलगा गोष्टीच्या पुस्तकात वाचलेले सांगतो: परग्रहावरचे लोक यायच्या आधी माणसासारखे दिसणारे एक कुटुंब पाठवून देतात. मोठी माणसे आधी हसतात. मग एकाची मोटार आपोआप सुरू होते आणि हसणे थांबते. हा रात्री-अपरात्री अंगणात उभा राहून आकाशाकडे का पाहतो? झोप येत नाही म्हणून, असे तो सांगतो. पण आता ते कोणाला पटत नाही. अखेर अंधारातून एक आकृती चालत येते. चार्ली नावाचा गृहस्थ गोळी झाडतो. मरतो तो परत येणारा पीट! मग चार्लीच्याच घराचे दिवे लागतात आणि दगड त्याच्याकडे वळतात. टेकडीवर परग्रहवासी खरोखरच उभे असतात. पण ते खाली उतरतही नाहीत. चार यंत्रे बंद केली, की उरलेले काम माणसेच करतात, एवढेच ते पाहून ठेवतात.

अफवेची रीत यात नेमकी दाखवली आहे. आधी अंधार हवा, म्हणजे खरे काय ते न कळणे. मग त्या अंधारात बसेल अशी तयार गोष्ट हवी. त्यानंतर शेजाऱ्याची साधी सवयही पुरावा ठरते आणि त्याने नाकारले तर तोही पुरावाच.

सर्व वर्ग चार्लीला दोष देत होता. मला मात्र टॉमी दिसत होता.

जून २०१८. अकोला जिल्ह्यातल्या आमच्या गावी पेरणीची घाई होती. मी बारा वर्षांचा होतो. आईवडिलांना अक्षरओळख नाही. म्हणून चुलतभावाच्या मोबाइलवर आलेला मजकूर मीच मोठ्याने वाचून दाखवत असे. 'मुले पळवणारी टोळी आली आहे' हेही मीच वाचले. सोबत मोटारसायकलवरून मूल उचलून नेल्याची चित्रफीत होती. दुसऱ्या दिवशी झोळी घेतलेला माणूस दिसताच मी ओरडलो. घटकाभरात मारुतीच्या पारापाशी पन्नास माणसे जमली. माझे वडीलही काठी घेऊन होते. तोच आजी गर्दीत शिरली.

"अरे पोट्टेहो, हा तं आपला नाथजोगी होय! याच्या बापालेबी म्या सूपभर जवारी वाढली."

काठ्या खाली आल्या. काही दिवसांनी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी अशाच अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारले. भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसे होती. त्यांना ओळखणारी आजी तेथे नव्हती. मी पाहिलेली ती चित्रफीत मुळात कराचीतील. मुलांना जपा असे सांगण्यासाठी केलेली. तिचा शेवट तेवढा कोणीतरी कापला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली.

मर्यादा यंत्राला घालता येते. पण आमच्यासारख्या घरांत, जेथे वाचणारा एकटाच असतो, तेथे त्याने वाचले ते खरे ठरते. माझ्या वडिलांनी काठी उचलली ती माझ्या वाचण्यावर विश्वास ठेवून. त्यांना वाचता येत नव्हते, हा त्यांचा दोष नव्हे. मला वाचता येत होते आणि मी विचारले नाही, हा दोष माझा.

आजी आता नाही. सुगीनंतर आई आजही सूपभर ज्वारी बाजूला काढून ठेवते. तो नाथजोगी मात्र आमच्या गावी पुन्हा आला नाही.