तीनशे येनचा यंत्रमानव

जुलै १९८०. जपानमधल्या खेळण्यांच्या दुकानांत एक साधासा खोका आला. किंमत ३०० येन. आत प्लास्टिकच्या चौकटींत अडकलेले हात, पाय, डोके, ढाल. सगळे सुटे करून गोंदाने जोडायचे आणि रंगही आपणच द्यायचा. मग साडेबारा सेंटिमीटरचा यंत्रमानव उभा राही. टीव्हीवर त्याची उंची १८ मीटर होती आणि किटचे प्रमाण होते १:१४४.

योशियुकी तोमिनो यांची ‘मोबाइल सूट गनडम’ ही मालिका पहिल्या खेपेला चालली नव्हती. ५२ भागांचा बेत होता, पण ४३ भागांतच ती आटोपती घेतली गेली. पुनःप्रक्षेपणांनी आणि बांदाई कंपनीच्या या किटने ती पुन्हा जिवंत झाली. गनडमचे प्लास्टिक मॉडेल म्हणून ‘गनप्ला’ हे नाव रूढ झाले.

त्या पहिल्या किटमध्ये उणिवा भरपूर होत्या. सांधे मोजकेच वळत, जोडाच्या रेघा उघड्या दिसत. पण या उणिवांनीच हौशी माणसांना कामाला लावले. कुणी गुडघा कापून पाय वाकवला, कुणी दोन किटांचे एक केले. १९८१मध्ये ‘हॉबी जपान’ मासिकाने ‘हाउ टु बिल्ड गनडम’ हा विशेषांक काढला. त्यातल्या स्ट्रीमबेस या हौशी कारागिरांच्या गटाची कामे पाहून पोरांनी कानशी हातात घेतल्या. ‘प्लामो क्योशिरो’ या चित्रकथेचा नायक तर गनप्ला बनवणारा शाळकरी मुलगाच होता. त्याने कथेत रचलेला ‘परफेक्ट गनडम’ पुढे बांदाईने खरोखरच विकायला आणला. हौसेने केलेला बदल असा कारखान्यापर्यंत पोहोचला, ही या छंदाच्या इतिहासातली सर्वांत लोभस गोष्ट.

नंतर किट सुधारत गेले. १९९०मध्ये ‘हाय ग्रेड’ आले, १९९५मध्ये १:१०० चे ‘मास्टर ग्रेड’, १९९८मध्ये १:६० चे ‘परफेक्ट ग्रेड’. शिझुओकातल्या कारखान्यात आता एकाच चौकटीत अनेक रंगांचे प्लास्टिक ओतले जाते. तुकडे नुसते दाबून बसतात, गोंद लागत नाही.

तरीही हाताचे काम उरतेच. चौकटीपासून तुकडा तोडताना निप्पर अंगालगत लावायची नाही. थोडा दांडा राखून पहिला काप, मग दुसरा, आणि उरलेला उंचवटा पॉलिश पेपरने घासायचा. घाई केली तर प्लास्टिकवर पांढरा डाग उमटतो. खाचांत पातळ काळा रंग सोडला की तो आपोआप रेघेभर धावत जातो आणि कालपर्यंत खेळणे वाटणारी वस्तू लोखंडी यंत्रासारखी दिसू लागते. वरून मॅट लॅकरचा हात दिला की प्लास्टिकची चकाकीही जाते. हा क्षण अनुभवण्यासाठी माणसे रात्र रात्र जागतात.

मात्र तोच पातळ रंग सांध्याच्या ताणलेल्या एबीएस प्लास्टिकमध्ये मुरला, तर सांधा तडकतो. मग दुरुस्ती आली. तुटलेल्या खुंटीच्या दोन्ही टोकांना हातड्रिलने बारीक भोक पाडून पितळी तार घालतात. उखळीचा सांधा ढिला झाला, तर गोळ्यावर सुपरग्लूचा पातळ थर देतात आणि तो पुरता वाळल्यावरच हात बसवतात, नाहीतर खांदा कायमचा आखडतो. उन्हाने पिवळा पडलेला पांढरा तुकडा हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून पुन्हा उन्हातच ठेवतात. पिवळेपणा बराचसा उतरतो.

चौकटीचे दांडेही वाया जात नाहीत. मेणबत्तीवर तापवून ताणले की केसासारखी तार निघते आणि तिची अँटेना होते. त्यांचे तुकडे प्लास्टिकच्या गोंदात विरघळवले की त्याच रंगाची लांबी तयार होते आणि भेगेत भरता येते. २०२१पासून बांदाई असे दांडे गोळा करून त्यांचा पुनर्वापर करते. त्या प्लास्टिकच्या किटांचा रंग काळा असतो.

संग्राहकांच्या कपाटात न उघडलेल्या खोक्यांची चळत असते, तिला जपानीत ‘त्सुमिप्ला’ म्हणतात. पण मुरलेल्या माणसाच्या घरी खालच्या खणातला डबा पाहावा. त्यात निवृत्त यंत्रमानवांचे हात, चाके, नळ्या, एखादे हिरवे शिंगवाले डोके पडलेले असते. नव्या किटच्या खांद्यावर काहीतरी कमी वाटले की तो डबा टेबलावर उपडा होतो आणि बोटे त्यात फिरू लागतात.