सांभाळणाऱ्याची सुट्टी

पुण्यात आमच्या कोथरूडमधलं वृद्धांचं एक डे केअर सेंटर या उन्हाळ्यात बंद झालं. तळमजल्यावरच्या तीन खोल्या, भिंतींना लावलेले आधाराचे दांडे, दहा-बारा आरामखुर्च्या, एक निवृत्त नर्सबाई आणि त्यांच्या हाताखालच्या दोघी-तिघी, एवढाच पसारा होता. सकाळी माणूस आणून सोडायचं, संध्याकाळी घेऊन जायचं. मागच्या खोलीत दोन खाटा मुक्कामासाठी राखलेल्या असत. घरात लग्न निघालं, सांभाळणारीचंच ऑपरेशन आलं, तर आठवडाभर आई-वडिलांना तिथे ठेवता यायचं. आता इमारत पुनर्विकासाला गेली आहे आणि बाहेरचं भाडं सेंटरला झेपणारं नाही. त्याची बातमी कुठेही आली नाही. मला मात्र या बंद होण्याने गेल्या पंधरा वर्षांचा हिशेब मांडायला बसवलं.

१९८० आणि ९०च्या दशकांवर मी फार रेंगाळणार नाही. हेल्पेज इंडिया १९७८ साली उभी राहिली, महाराष्ट्रातल्या ज्येष्ठ नागरिक संघांचा फेस्कॉम हा महासंघ १९८०मध्ये झाला, मुंबईत डिग्निटी फाउंडेशन १९९५मध्ये आलं, १९९९ साली ज्येष्ठांचं राष्ट्रीय धोरण जाहीर झालं. ही सगळी कामं मोलाची आहेत. पण त्या काळातला बहुतेक विचार चालत्या-फिरत्या ज्येष्ठांचा होता: बसभाड्यात सवलत, व्याजदरात अर्धा टक्का, संघाच्या सहली, हास्यक्लब. जो संघात येऊ शकत नव्हता तो घरी खाटेवर होता, आणि त्याच्या उशाशी बसलेलं माणूस कुठल्याच ठरावात नव्हतं.

त्या माणसाला त्याआधी दम खायला मिळतच नव्हता का? मिळत होता, आणि त्याची रीत ठरलेली होती. सून माहेरी जायची. बाळंतपणाला, मंगळागौरीला, उन्हाळ्यात मुलांना घेऊन पंधरा दिवस. त्या दिवसांत सासऱ्यांचं पथ्यपाणी जाऊबाई बघायच्या, नाहीतर गावाहून नणंद येऊन राहायची. वाड्यात शेजारणीला ‘जरा बघाल का, मी मंडईत जाऊन येते’ एवढं म्हटलं की तासाभराची सोय व्हायची. म्हातारं माणूस चार महिने या मुलाकडे, चार महिने त्या मुलाकडे राहायचं. आपल्या नाटकांनी आणि सिनेमांनी या फिरतीतलं वृद्धांचं दुःख दाखवलं, आणि ते खरंच होतं. पण तीन घरांनी वाटून घेतलेल्या कष्टांत कुणी एकटी पिचत नव्हती, हेही खरं आहे. अर्थात या व्यवस्थेच्या तळाशी बहुधा एखादी विधवा काकू किंवा लग्न न झालेली आत्या असायची. तिला माहेर उरलेलं नसायचं आणि सुट्टीही नसायची. ते दिवस जसेच्या तसे परत यावेत असं मला वाटत नाही. मला हळहळ वाटते ती एवढ्यासाठी की सांभाळणाऱ्या बाईला पंधरा दिवस उठून जाऊ द्यावं लागतं, एवढं त्या सासुरवासालाही मान्य होतं. आणि आज आईचं करणाऱ्या लेकीला जायला जागाच नाही, कारण तिच्या माहेरातच ती खाट आहे.

२००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायदा आला. मुलांनी आई-वडिलांना पोसावं, न पोसल्यास न्यायाधिकरणाने दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मिळवून द्यावा, वृद्धांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद व्हावी, प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी किमान दीडशे जणांचा वृद्धाश्रम असावा, अशा त्याच्या तरतुदी. कायदा हवाच होता. तो वाचताना मी मात्र एक कलम शोधत राहिले. आई-वडिलांना सोडणाऱ्याला शिक्षा सांगितली आहे. जी सोडत नाही तिला काय? ती आजारी पडली तर कोण येईल? तिची झोप कोण भरून देईल? याबद्दल त्या कायद्यात अवाक्षर नाही.

माझं दशक २०१० ते २०२०. वडील जाऊन फार दिवस झाले नव्हते आणि आई तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागली होती. २०१०मध्येच अल्झायमर्स सोसायटीचा डिमेन्शियावरचा अहवाल आला आणि देशात ३७ लाख लोकांना हा आजार असल्याचा अंदाज समोर आला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळी लिहून दिली आणि ‘पेशंटला एकटं सोडू नका’ असं बजावलं. त्या एका वाक्याने माझी पुढची दहा वर्षं ठरली. त्यांच्याकडून मला आणखी एक वाक्य हवं होतं: ‘आणि तुम्ही आठवड्यातून एक दिवस सुट्टी घ्या, ती कशी घ्यायची ते मी सांगतो.’ ते वाक्य सांगायला डॉक्टरांच्या हाताशी काहीच नव्हतं.

रात्री दोनला आई उठून दाराची कडी काढायची. तिला तिच्या वडिलांच्या घरी, साताऱ्याला जायचं असायचं. पुढे पडणं आलं, डायपर आले, कुशी बदलणं आलं, पाठीला जखम होऊ नये म्हणून हवेची गादी आली. भाऊ परदेशात होता. पैसे वेळेवर पाठवायचा, रोज फोन करायचा. त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो महिन्यातून एकदा नारळ घेऊन येणाऱ्या आणि ‘तू म्हणून करतेस हो’ म्हणून निघून जाणाऱ्या नातेवाइकांवर. त्यांतल्या एकानेही ‘दुपारभर मी बसतो, तू झोप’ असं म्हटलं नाही. राग आहे तो आदर्श कन्या आणि आदर्श सून पुरस्कार वाटणाऱ्या मंडळांवर. एका मंडळाने मला विचारलं, मी नाही म्हटलं. शाल पांघरून घ्यायला व्यासपीठावर दोन तास जायचं, तर तेवढा वेळ आईजवळ कोण बसणार, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

मदत म्हणून होता तो शुश्रूषेला बायका पुरवणारा ब्युरो. डिपॉझिट भरायचं, महिन्याचे पैसे ब्युरोकडे द्यायचे, त्यातलं कमिशन कापून बाईच्या हातात काय पडतं ते कधी कळू द्यायचं नाही, अशी त्यांची पद्धत. चोवीस तासांची बाई म्हणून जी यायची तिला पेशंटला उचलायचं कसं हेही कुणी शिकवलेलं नसायचं. आमच्याकडे लातूरकडच्या एक मावशी दीर्घकाळ होत्या. त्यांनी माझ्या आईचं जेवढ्या मायेने केलं तेवढं आमच्या नात्यात कुणी केलं नाही. त्या येळवशीच्या सणाला गावी जायच्या, कारण त्यांची स्वतःची सासू तिथे अंथरुणावर होती आणि तिचं करणारी त्यांची मुलगी शाळा सोडून घरी बसली होती. माझी सुट्टी त्या शाळकरी मुलीच्या पाठीवर उभी होती हे कळल्यावर मला या सगळ्या साखळीचा अर्थ उमगला. शहरातल्या मध्यमवर्गीय बाईचा भार गावातल्या गरीब बाईवर आणि तिचा तिच्या मुलीवर. सरकारने डोळे मिटले की भार असाच खाली खाली उतरत जातो.

वृद्धाश्रमांना फोन करून पाहिले. ‘स्वतःचं स्वतः करणारे हवेत’, ‘डिमेन्शियाचे घेत नाही’, ‘कायमचं ठेवायचं असेल तर बोला’. आठ दिवसांसाठी हा शब्द काढला की पलीकडे संशय यायचा. मग लोक काय करतात ते मी हॉस्पिटलच्या बाकड्यांवर पाहिलं आहे. थोडा ताप, थोडी अशक्तता असं सांगून पेशंटला ॲडमिट करतात, सलाईन लावून घेतात आणि घरची बाई दोन रात्री झोपते. समजूतदार डॉक्टर कारण ओळखतात आणि काही बोलत नाहीत. एका झोपेसाठी म्हाताऱ्या माणसाला हॉस्पिटलच्या जंतुसंसर्गात न्यावं लागतं, खोलीभाडं भरावं लागतं, आणि डिमेन्शियाच्या माणसाचा तर जागा बदलल्यावर गोंधळ आणखी वाढतो.

याच काळात सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ आला. मोहन आगाशेंनी उभे केलेले चक्रपाणी शास्त्री, संस्कृतचे पंडित, हत्तीच्या मागे चालत हरवून जातात. मी ज्यांच्या-ज्यांच्याशी त्यावर बोलले ते आगाशेंच्या अभिनयावर भरभरून बोलले. इरावती हर्षेने केलेल्या मुलीबद्दल, वडिलांना गाडीत बसवून चार मिनिटांसाठी उतरलेल्या त्या ओढल्या-ताणल्या बाईबद्दल, फार थोडे बोलले. बोलले ते तिला दोष द्यायला. तो सिनेमा दोघांचा आहे, आणि आपल्या समाजाला त्यातलं एकच माणूस दिसलं.

दशकाच्या मध्यावर ते सेंटर सुरू झालं. आईला तिथे सोडून आले त्या पहिल्या दिवशी मी घरी येऊन फक्त झोपले. पुढे त्या तासांत मी दात दाखवून आले, बँकेत गेले, रखडलेलं लेखन केलं, एकदा मैत्रिणीबरोबर सिंहगडावर जाऊन पिठलं-भाकरी खाल्ली. त्याहून महत्त्वाचं हे की आई सुधारली. आजार जाणार नव्हताच; पण चार जणींच्या पंगतीत ती जास्त जेवू लागली, दिवसा जागी राहिल्यामुळे रात्री झोपू लागली, आणि संध्याकाळी तिला घ्यायला जाणारी मी तिच्यावर ओरडेनाशी झाले. विसावा मला मिळाला, पण उपचार म्हणून तो तिला लागू पडला. या दशकाने मला शिकवलेली सगळ्यात खरी गोष्ट हीच: सांभाळणाऱ्याची विश्रांती हा म्हाताऱ्या माणसाच्या औषधपाण्याचाच भाग आहे. तरी नातलग म्हणतच राहिले, ‘आईला पाळणाघरात टाकलं.’

मग मार्च २०२० आला आणि कोविडची टाळेबंदी लागली. सेंटर तेव्हा तात्पुरतं बंद झालं ते समजण्यासारखं होतं. पण आमच्या सोसायटीने फाटकाला कुलूप लावून मावशींनाही आत येऊ दिलं नाही. पत्र दिलं, डॉक्टरांची चिठ्ठी दिली. उत्तर आलं की नियम सर्वांना सारखा. ज्यांच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं नव्हतं अशा लोकांनी तो नियम केला होता. ते महिने मी एकटीने काढले. आई त्या वर्षाच्या अखेरीला गेली. सोसायटीच्या त्या बैठकीत हात वर करणाऱ्यांना मी आजही ओळख देते, पण ते विसरलेले नाही.

त्यानंतरच्या पाच वर्षांत काय झालं? डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत २००७च्या कायद्याचं दुरुस्ती विधेयक मांडलं गेलं होतं. त्यात डे केअर केंद्रांची आणि घरपोच शुश्रूषेच्या संस्थांवर नियमनाची भाषा होती. सोबत जबाबदारीच्या यादीत सुना आणि जावई घातले होते आणि शिक्षा वाढवली होती. त्याचा कायदा झाला नाही. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने साठीपुढच्या ८८ लाख भारतीयांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज दिला. २०२४मध्ये महाराष्ट्राने वयोश्री योजनेत काठी-चष्म्यासाठी एकदाच ३,००० रुपये दिले, तीर्थदर्शन योजनेत प्रवासाला ३०,००० रुपयांपर्यंत दिले आणि पंचाहत्तरीपुढच्या यात्रेकरूसोबत मदतनीस नेण्याची मुभा दिली. म्हणजे यात्रेला सोबत लागते हे सरकारला समजतं. घरी दहा वर्षं सोबत करणाऱ्याचं काय, तिथे ते थांबतं. त्याच वर्षी सत्तरीपुढच्या सगळ्यांना पाच लाखांचं आयुष्मान कवच मिळालं, तेही रुग्णालयात दाखल झाल्यावरच. केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना २००८पासून मुलांच्या संगोपनासाठी ७३० दिवसांची रजा आहे, राज्याने २०१८मध्ये १८० दिवसांची दिली. ती योग्यच आहे. आई-वडिलांच्या शुश्रूषेसाठी मात्र स्वतंत्र रजा नाही.

इतरत्र हे जमलं आहे. जपानने एप्रिल २०००मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा आणला. चाळिशी ओलांडलेला प्रत्येक जण त्याचा हप्ता भरतो आणि त्यातून दिवसाचं केंद्र आणि थोड्या दिवसांचा मुक्काम या सोयी मिळतात. जर्मनीत १९९५पासून असा विमा आहे. घरी सांभाळणारं माणूस आजारी पडलं किंवा रजेवर गेलं तर काही आठवडे बदली माणसाचा खर्च विमा देतो. ते श्रीमंत देश आहेत म्हणून हात झटकायचे असतील तर केरळकडे पाहू. तिथे २००८मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं धोरण झालं, शेजारपाजारचे स्वयंसेवक नर्ससोबत घरोघरी जातात, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणाऱ्यासाठी ‘आश्वासकिरणम्’ योजनेत दरमहा ६०० रुपये ठरले आहेत. रक्कम तुटपुंजी आहे आणि अनेकदा थकते. पण त्या सरकारच्या कागदावर सांभाळणारं माणूस आहे.

आपल्याकडे पुणे महापालिकेची ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं आहेत. प्रत्येक प्रभागातल्या एका केंद्रात चार खाटा, एक प्रशिक्षित नर्स आणि पाठ सांभाळून माणूस उचलायला शिकलेल्या दोन बायका ठेवल्या तर सुरुवात होते. ब्युरोंची नोंदणी सक्तीची करा, मावशींचं किमान वेतन आणि साप्ताहिक सुट्टी ठरवा, त्यांच्या गावात आशाताईंच्या जोडीला एक शुश्रूषा सेविका द्या. घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं की सांभाळणाऱ्याला वर्षातून पंधरा दिवस हक्काने, फुकट किंवा ऐपतीप्रमाणे, सुट्टी मिळाली पाहिजे. पंधराच दिवस मागते आहे. तेवढे तर पूर्वीचं सासरही देत होतं.