आधी पडताळणी, मग नवा सेन्सर

स्कॅनरवर पी२२२७ किंवा पी२२२८ हा कोड दिसला की बॅरोमेट्रिक प्रेशर सेन्सर बदलण्याचा सल्ला लगेच मिळतो. तो घाईचा आहे. कोड फक्त एवढेच सांगतो, की हवेच्या दाबाचे माप ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या नियंत्रक संगणकाला, पटलेले नाही. दोष ५ व्होल्टच्या पुरवठ्यात, अर्थिंगमध्ये किंवा गंजलेल्या कनेक्टरमध्येही असू शकतो. खरी परीक्षा बिनखर्चाची आहे. इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून स्कॅनरवर बॅरो (बॅरोमेट्रिक) आणि मॅप (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) या दोन सेन्सरांचे आकडे पाहावेत. इंजिन फिरत नसताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये बाहेरचाच दाब असतो, म्हणून दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत.

ते जुळले नाहीत, तर चुकीचा कोणता? इथे उंची निवाडा करते. मुंबईत सुमारे १०१, पुण्यात ९५ आणि महाबळेश्वरला ८६ किलोपास्कल दाब अपेक्षित असतो. हवामान खात्याचा आकडा वेगळा दिसतो, असा आक्षेप येईल. पण तो बहुधा समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो, त्यामुळे पुण्यात तो थेट ताडून पाहिला तर चांगला सेन्सरही खराब ठरेल. हे तपासणे गरजेचेच आहे, कारण अनेक गाड्यांत हा सेन्सर ईसीयूच्या बोर्डावरच बसवलेला असतो आणि चुकलेल्या निदानाची किंमत अख्ख्या ईसीयूएवढी होते. काही गाड्यांत तर वेगळा बॅरो सेन्सर नसतोच. इंजिन सुरू होण्यापूर्वीचे मॅपचे मापच बाहेरचा दाब म्हणून धरले जाते. तिथे ही तुलना निरुपयोगी. उंचीचाच आधार घ्यावा.