पियानो आणि दुखरा हात
बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, कोपराखालच्या हातात असतात. त्यांच्या कंडरा मनगटातून बोटांपर्यंत जातात. मनगट वाकवून, खांदे आवळून वाजवलं की ताण या कंडरांवर येतो. म्हणून आधी स्टूलची उंची पाहा: कोपर साधारण पट्ट्यांच्या पातळीला हवं. सप्तकभर बोटं ताणणारे तुकडे सलग घोटू नयेत. आणि ‘दुखल्याशिवाय हात तयार होत नाही’ हे तर साफ खोटं! जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान यांनी बोटांसाठी यंत्रही वापरून पाहिलं होतं. १८३२च्या सुमारास उजव्या हाताचं मधलं बोट जवळपास निकामी झालं (कारणाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत) आणि पियानोवादक व्हायचं राहिलं. मुंग्या, बधिरपणा किंवा रात्रीचा ठणका असेल, तर रियाज थांबवा आणि डॉक्टरांना हात दाखवा.