एकच रॉड घ्यायचा तर

रॉडच्या मुठीच्या थोडं वर बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असते: ‘७ फूट, एमएच, १०–३० ग्रॅम, १०–२० पौंड’. दुकानात आपण रंग बघतो, मूठ आवळून बघतो, रॉड हवेत दोनदा झटकतो आणि किंमत विचारतो. ती ओळ वाचायची राहूनच जाते. निम्मी निवड मात्र त्या ओळीत असते, म्हणून ती शब्दाशब्दाने उलगडून सांगतो.

त्याआधी आपलं पाणी बघू. गळ घेऊन निघालेला नाशिककर साधारण तीन ठिकाणी पोचतो. एक म्हणजे गंगापूर, दारणा, मुकणे अशा धरणांचा उघडा काठ. तिथे कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस हे मासे, आणि त्यांच्यासाठी तळाला सोडलेला कणकेचा गोळा. दुसरे नदीचे डोह. तिथे गांडूळ लावलं की शिंगाडा किंवा वाम लागते. तिसरी गावतळी आणि पाणवेलींनी झाकलेले नदीचे संथ पट्टे. ते मरळीचं घर. राज्यातल्या बहुतेक जलाशयांत मासेमारीचा हक्क ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, तेव्हा गळ टाकण्याआधी तिथल्या संस्थेला विचारावं. त्यांचं पोट त्या पाण्यावर आहे. नांदूर मध्यमेश्वरला तर रॉड नेऊच नये. ते पक्ष्यांचं अभयारण्य आहे आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळही.

आता पुष्कळ रॉडवर ‘बास’ असा शब्द दिसतो, त्याबद्दल. बास हा मूळचा उत्तर अमेरिकेतला, गोड्या पाण्यातला शिकारी मासा. आपल्या गोदावरीत तो नाही. पण त्याची राहणी ऐका: वेलींच्या आडोशाला दबा धरायचा, वरून बेडूक गेला की झडप घालायची आणि गळ लागताच पुन्हा वेलींत घुसायचं. आमची मरळ अगदी हेच करते. त्यामुळे बाससाठी बनलेला सात फुटी रॉड मरळीला चपखल बसतो, आणि थोडं बघून घेतला तर धरणाच्या काठावर कणकेलाही चालतो.

ओळीतला पहिला आकडा लांबीचा. रॉड जितका लांब तितकी फेक लांब, पण झाडाखाली, बाभळीच्या फांद्यांमध्ये लांब रॉड अडतो. साडेसहा फुटी रॉड डोहावर बरा, आठ-नऊ फुटी धरणावर बरा. दोन्हीकडे नेता येईल असा एकच घ्यायचा तर सात फूट. तो दोन तुकड्यांचा घ्या, म्हणजे मोटारसायकलवर बांधून नेता येतो. एकात एक सरकणारा घडीचा रॉड स्वस्त आणि सोयीचा वाटतो, पण त्यात सांधे फार. प्रत्येक सांध्याशी वाक तुटतो, आणि काठावरची वाळू-माती सांध्यांत शिरली की ते घासतात, अडकतात. माझा पहिला रॉड असाच होता. दुसऱ्या पावसाळ्यात तो सांध्यापाशीच गेला.

‘एमएच’ म्हणजे मीडियम हेवी, रॉडची ताकद. लाइट, मीडियम, मीडियम हेवी, हेवी अशी ती चढत जाते. वाकायला किती जोर लागतो, एवढंच त्यात कळतं. कुठून वाकतो ते ॲक्शन सांगते, आणि इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. फास्ट ॲक्शनचा रॉड फक्त टोकाच्या भागात वाकतो. मरळीने झडप घातली की हिसका थेट गळापर्यंत पोचतो आणि तिच्या कडक जबड्यात तो रुततो. मॉडरेट ॲक्शनचा रॉड अर्ध्यातून वाकतो. कटल्याचे ओठ मऊ असतात, तिथे कडक हिसका दिला तर ओठ फाटून मासा सुटतो, आणि हाच वाक धक्के पोटात घेतो. दोन्ही मासे धरायचे असतील तर मॉडरेट फास्ट. नुसती मरळच धरायची असेल तर फास्ट. ॲक्शन रॉडवर छापलेली नसेल तर टोक छताला हलकेच टेकवून दाबा, वाक कुठून सुरू होतो ते डोळ्यांना दिसतं.

मग ग्रॅम. फेकायचं एकूण वजन किती, ते हा आकडा सांगतो, आणि त्यात शिसं, गळ, आमिष सगळं धरायचं. मरळीचा रबरी बेडूक साधारण १०–१५ ग्रॅमचा, त्यामुळे तो सहज बसतो. चूक कणकेपाशी होते. २० ग्रॅमचं शिसं आणि वर लिंबाएवढा कणकेचा गोळा लावून ताकदीने फेक केली की ३० ग्रॅमचा रॉड कुरकुरतो. एकदा घरच्या काट्यावर गोळा तोलून बघा, आपण किती वजन फेकत होतो ते कळेल. कणकेवर मासेमारी जास्त होणार असेल तर वरची मर्यादा ४० ग्रॅम असलेला रॉड शोधावा.

पौंडाचा आकडा दोऱ्याचा. १० पौंड म्हणजे साडेचार किलो. रॉड १०–२० पौंडांचा असेल तर १५ पौंडांचा साधा नायलॉन दोरा दोन्ही कामांना पुरतो. पाणवेलींत मरळ धरताना विणलेला ब्रेडेड दोरा बरा. तो ताणला जात नाही आणि वेलीची देठं कापत बाहेर येतो. मात्र ५० पौंडांचा दोरा लावून रील आवळून ठेवली तर तुटायला रॉडच उरतो.

पैशांचं गणित. समजा रॉड आणि रील मिळून चार हजार खर्चायचे आहेत. मी दोन्हींवर निम्मे-निम्मे घालीन. पूर्ण कार्बनचा रॉड हलका, दोऱ्याचं बारीक कंपनही हाताला कळतं, पण दगडावर आपटला की न दिसणारी चीर पडते. फायबरग्लास जड आणि सुस्त, पण मार खातो. मधला, दोन्ही मिसळलेला रॉड पहिल्यासाठी सर्वांत शहाणा. रील स्पिनिंगची, ३००० आकाराची. बेटकास्टिंग रील मरळवाल्यांना फार आवडते, पण तिच्यावर हात बसायला वेळ लागतो आणि दोऱ्याचा गुंता होतो. स्वस्तातली बेटकास्टिंग घेण्यापेक्षा त्याच पैशात चांगली स्पिनिंग येते.

दुकानात जाताना खिशात थोडा कापूस ठेवा. दोरा ज्या कड्यांतून जातो त्या प्रत्येक कड्याच्या आतून तो फिरवा. तंतू अडकला तर कड्याला चीर आहे, आणि ती प्रत्येक फेकीला दोरा कापणार. मग एक डोळा मिटून रॉड बंदुकीसारखा धरा, सगळी कडी एका रेषेत हवीत. सांधा जोडून हलवा, टकटक आवाज नको. शेवटी रील बसवून रॉड एका बोटावर तोला. तोल रीलच्या पायाच्या आसपास आला तर सकाळपासून दुपारपर्यंत मनगट दुखत नाही. टोक खाली जात असेल तर दुसरा बघा.

घरी आल्यावर रीलचा ड्रॅग लावा, म्हणजे किती ओढीला दोरा सुटायचा ते ठरवा. दोऱ्याच्या ताकदीच्या साधारण चौथ्या हिश्शाला रीलने दोरा सोडायला हवा. १५ पौंडांचा दोरा म्हणजे जेमतेम सात किलो, त्याचा चौथा हिस्सा पावणेदोन किलो. दोन लिटरच्या बाटलीत पावणेदोन लिटर पाणी भरा, दोरा कड्यांत न ओवता रीलवरून थेट तिला बांधा आणि रील हातात धरून बाटली उचला. दोरा अडखळत नको, सावकाश, एकसारखा सुटायला हवा. तसं होईपर्यंत पुढची चकती फिरवा. मासा दमवताना रॉड सरळ आभाळाकडे उभा करू नका. मासा पायाशी आलेला असताना तसं केलं की सगळा भार टोकावर येतो, आणि पुष्कळ रॉड नेमके तेव्हाच मोडतात.

आणखी एक, जिवाशी असलेली गोष्ट. कार्बनमधून वीज जाते. कालव्यांच्या आणि मळ्यांच्या कडेने विजेच्या तारा खाली लोंबतात, म्हणून तिथे रॉड उभा धरून चालू नका. ढग गडगडू लागले की रॉड आडवा ठेवा आणि काठावरून निघा. धरणातून पाणी सोडल्याची बातमी असेल त्या दिवशी गोदेच्या पात्रात उतरायचं नाही. दुतोंड्या मारुतीला पाणी किती लागलं यावरून पूर मोजणाऱ्या शहराला हे वेगळं सांगायला नको.

नवा रॉड घेऊन पहिल्यांदा निघाल तेव्हा पावसाळा असेल, तर पाण्याच्या वरच्या थराकडे लक्ष ठेवा. तांबूस-नारिंगी पिल्लांचा एक घोळका हलताना दिसेल. त्याच्या खाली आई-बाप मरळ पहारा देत असतात, आणि घोळक्याजवळ काही पडलं की चिडून तोंड टाकतात. तिथे फेक अगदी सोपी असते. पण ती मरळ काढली तर पिल्लं इतर मासे काही वेळातच संपवतात. बेडूक तिथून लांब, दुसऱ्या वेलीपाशी टाका.