गोळीतली आशा आणि आकडे

जोगेश्वरी स्टेशनबाहेरच्या मेडिकलमध्ये व्हिटॅमिनच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात. त्या कॅन्सर दूर ठेवतील ही समजूत तर फुकटच. फेब्रुवारी 2024 मध्ये परळच्या टाटा रुग्णालयाने रेझव्हेराट्रॉल आणि तांबे यांच्या 100 रुपयांच्या गोळीबद्दल सांगितलं, तेव्हा या समजुतीला बळच मिळालं. पण कॅन्सर उलटू न देण्याचा तो दावा मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांवर उभा होता. माणसांवरच्या मोठ्या चाचण्या वेगळंच सांगतात. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपानी पुरुषांवर चाचणी झाली. 1994 च्या निकालात बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्के जास्त निघाला! भाज्या खाणाऱ्यांत कॅन्सर कमी दिसतो, म्हणून त्यातला बीटा-कॅरोटिनसारखा एकच घटक भरपूर दिला की झालं, हे गणितच फसवं.

कुणी म्हणेल, अमेरिकेत 2012 मध्ये मल्टिव्हिटॅमिन घेणाऱ्या पुरुष डॉक्टरांत कॅन्सर 8 टक्के कमी आढळला, त्याचं काय? खरं आहे, पण फरक किरकोळ, आणि तोही पन्नाशीपुढच्या पुरुषांपुरता. रक्त तपासून डी किंवा बी-12 कमी निघालं तर गोळी जरूर घ्यावी. ती कमतरतेवरची, कॅन्सरवरची नव्हे. तंबाखू सुटत नसेल तर कुठलीही गोळी त्याची भरपाई करत नाही. याउलट, मुंबईच्याच झोपडपट्ट्यांत टाटाने 1998 पासून साध्या व्हिनेगरने तपासणी केली आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले.