डब्यावरचा आकडा आणि खोलीतली हवा

लग्नसराईआधी जळगाव-धुळ्यात घरोघरी रंगकाम निघतं. डब्यावर ‘लो व्हीओसी’ दिसलं की आपण निर्धास्त होतो. पण थांबा! एका लिटर रंगात बाष्पनशील सेंद्रिय संयुगं किती ग्रॅम आहेत, एवढंच तो आकडा सांगतो. युरोपात आतल्या भिंतींच्या मॅट रंगाला २०१० पासून ३० ग्रॅमची मर्यादा आहे. रंगवल्यावर हवेत किती येतं, हे मोजमाप वेगळं. त्यासाठी नमुना चाचणी-कक्षात २८ दिवस ठेवतात. उष्णतेनं उत्सर्जन वाढतं, आणि मे महिन्यातल्या दुपारी आपण नेमक्या खिडक्या लावून बसतो! म्हणून सकाळ-संध्याकाळ त्या सताड उघडा. लहान बाळाला काही दिवस दुसऱ्या खोलीत झोपवा. आणि संशोधनातही आधी स्वतःला विचारा: मी नेमकं काय मोजतोय?